न भिडलेला पेला

१

स्लावका किंचाळली नाही. शेकोटी पेटवायला भावाला बोलावते म्हणून ती बारच्या मागच्या कुंपणापलीकडे गेली, आणि परत आली ती कठड्याला धरूनच उभी राहिली. "स्तामात पायऱ्यांखाली पडलाय," ती म्हणाली. "डोळे उघडे आहेत, पण बघत नाहीये."

दोघं-तिघं धावले. कुणाची तरी खुर्ची वाळूत आडवी झाली. रादोस्तिनाने मात्र आधी खाली वाकून आपल्या लेकीला, नेवेनाला, कडेवर घेतलं. दीड वर्षाची पोर, हाताला लागेल ते तोंडात. माणूस मेलेला असो की जिवंत असो, तिच्या मुठीत काय आहे हे आधी बघावं लागे.

'ताहिती' बारचा हंगामातला तो शेवटचा दिवस होता. सप्टेंबर सरत आला होता, सोफिया शहरातले पाहुणे कधीच परतले होते, आणि शिरस्त्याप्रमाणे शेवटची संध्याकाळ घरच्या माणसांची होती. लव्हाळ्याच्या छत्र्या, प्लास्टिकचे माड, टेंभे आणि वाळूत रोवलेले पुरुषभर उंचीचे चार लाकडी देव. तिघांचे दात विचकलेले, डोळे बटबटीत. पाहुण्या बायका त्यांच्या गळ्यात पडून फोटो काढत. चौथा समुद्राच्या बाजूला, गुळगुळीत चेहऱ्याचा, डोळे मिटलेला. त्याच्याकडे कुणी फिरकत नसे. चारही कोरले होते लाम्बोकाकाने, पण तो स्वतः त्यांना भुतंच म्हणे. मागच्या उन्हाळ्यात कामेनने, म्हणजे रादोस्तिनाच्या नवऱ्याने, आईच्या आठवणीत पेल्यातले चार थेंब इथे जमिनीवर सोडले, तर म्हाताऱ्याने त्याचा हात धरला होता. आपली गेलेली माणसं असल्या भुतांच्या गर्दीत बोलावू नयेत, त्यांच्यासाठी थडग्यावर ओत, घरी ओत, म्हणाला होता.

आज संध्याकाळी सूर्य टेकड्यांमागे उतरू लागला तेव्हा मालक स्तामात जागेवर नव्हता. मागे शेकोटीची लाकडं रचत असेल, स्लावका म्हणाली, रुसला असेल, येईल; सूर्य काही त्याच्यासाठी थांबायचा नाही. मग कामेनने बारमागून सगळ्यांना चेहरे कोरलेले मातीचे पेले दिले, रम आणि अननसाने काठोकाठ भरलेले, वर कागदी छत्री आणि नळी. सगळे उठले, एकमेकांच्या डोळ्यांत बघून पेले भिडवले. लाम्बोकाका तेवढा टेंभा विझतोय म्हणत पाठमोरा झाला होता, त्याचा पेला भिडवायचा राहिलाच. रादोस्तिनाचाही नीट भिडला नाही. नेवेना टेबलाखाली रांगत गेली होती. आईने तिला बाहेर ओढलं तेव्हा पोरीचा तळवा ओल्या वाळूने माखलेला, आणि वाळूला रमचा वास. कुणी सांडलं इथे, म्हणत तिने तो हात घाईघाईने पदरासारख्या सोडलेल्या शालीला पुसला.

त्यानंतर कामेन बादली घेऊन बर्फ आणायला मागे गेला. त्यानंतर स्लावका गेली.

आता सगळे कुंपणापाशी उभे होते आणि गिटारवाला देल्यान, गळ्यातल्या कागदी फुलांच्या माळेसकट, बाजूला जाऊन ओकत होता. बारमागे उभ्या कामेनकडे रादोस्तिनाने पाहिलं. तो दुपारचे पेले धूत होता. जागचा हललाही नव्हता.

काय झालंय ते बघायला न गेलेला तो एकटाच होता.

२

इन्स्पेक्टर मुताफोवा आडव्या बांध्याच्या, शांत बाई. प्लास्टिकच्या माडाखाली खुर्ची ओढून बसल्या, खिशातून सूर्यफुलाच्या बियांची पुडी काढली आणि एकेकाला बोलावू लागल्या. लोक घाबरले की फार बोलतात, ही त्यांची समजूत असावी. त्या प्रश्न थोडे विचारत आणि बिया बऱ्याच सोलत. डॉक्टरने सांगितलं होतं की डोक्याची मागची बाजू पायरीच्या काँक्रीटवर आपटली, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं, म्हणजे झटापट झाली. तासाभरातलं मरण, त्याहून नेमकं या थंड वाऱ्यात सांगता येत नाही.

स्लावका बहीण. बार दोघांच्या नावावर. भाऊ तिला स्वयंपाकीणच समजत होता, हे तिने न विचारताच सांगून टाकलं, आणि म्हणाली, "मला त्याचा राग होता मॅडम. पण मला त्याच्यासाठी जेवण ठेवायचीही सवय होती. आजही ठेवलंय." मासे झाकून ठेवलेली थाळी तिने दाखवली.

देल्यान छोटी गिटार वाजवायचा. संध्याकाळी काही वेळ तो दिसला नव्हता. रस्त्यावर एका मुलीला भेटायला गेलो होतो म्हणाला, आणि मुलगी विवाहित आहे म्हणून नाव सांगेना. पण पेले भिडवायच्या आधीच तो परतला होता आणि नंतर सलग वाजवत होता, हे सगळ्यांनी ऐकलं होतं.

लाम्बोकाका म्हणजे स्तामातचा शाळेपासूनचा मित्र. सत्तरी उलटलेली, हातांना लाकडाचा रंग चढलेला. तो फार हळू बोलला. पेले भिडवल्यावर टेंभ्यात तेल घालत होतो, तेव्हा कुंपणाच्या फटीतून स्तामात दिसला, होड्यांपाशी सिगरेट ओढत होता. बस, एवढंच.

बाईंनी बी सोलायचं थांबवलं. "म्हणजे तेव्हा तो जिवंत होता."

"होता," म्हातारा म्हणाला.

सगळी चौकशी मग त्या एका वाक्याभोवती फिरू लागली. पेले भिडवल्यानंतर कुंपणामागे कोण गेलं? स्लावका गेली ती शेवटी, आणि लगेच परतली. देल्यान वाजवत होता. म्हाताऱ्याने तेल घालून झाल्यावर बसल्या जागी गुडघे चोळत होतो म्हणून सांगितलं, ते सगळ्यांनी पाहिलंही होतं. गेला होता फक्त कामेन. त्याआधी मात्र पार्टी सुरू झाल्यापासून तो बारमागून क्षणभरही हटला नव्हता.

शिवाय दुपारचं भांडण होतं. पुढच्या वर्षी वार्ना शहरातून दुसरा बारवाला आणतोय, असं स्तामातने सगळ्यांदेखत सांगितलं, आणि कामेन म्हणाला होता, "तू मेल्याशिवाय मी इथून हलत नाही." त्या वेळी सगळे हसले होते. स्तामातही.

"बर्फ आणायला गेलात," बाई म्हणाल्या. "बर्फाची खोली पायऱ्यांच्या अगदी शेजारी. स्तामात दिसला?"

कामेनने खांदे उडवले. "बर्फ आणायला गेलो होतो."

"ते कळलं. दिसला का?"

"बर्फ आणायला गेलो होतो," तो पुन्हा म्हणाला, आणि त्यानंतर त्याने तोंड उघडलं नाही. तो जात्याच कमी बोलायचा. पण लग्नाच्या चार वर्षांत रादोस्तिनाने त्याच्या गप्प बसायच्या सगळ्या तऱ्हा ओळखून ठेवल्या होत्या, आणि ही त्यातली नव्हती.

मग बाई तिच्याकडे वळल्या. पोरीकडे बघून हसल्या, नाव विचारलं. मग विचारलं की नवरा बर्फ घेऊन परतला तेव्हा कसा दिसत होता.

"दमलेला," रादोस्तिना म्हणाली.

मध्यरात्रीच्या आत त्यांनी कामेनला गाडीत बसवलं. उद्या संध्याकाळपर्यंत सरकारी वकिलांपुढे कागद जातील, बाई म्हणाल्या, तोवर त्याला बोलायला सांगा. न बोलणारा माणूस कोर्टाला आवडत नाही. गाडी वळणाआड गेली तरी रादोस्तिना नेवेनाला घट्ट धरून तशीच उभी होती.

कामेन मागून परतला तेव्हा त्याची बादली रिकामी होती. हे तिने पाहिलं होतं, आणि सांगितलं नव्हतं.

३

सकाळी स्लावकाने बारच्याच स्वयंपाकघरात स्तामातच्या नावाने गहू शिजवून, साखर आणि अक्रोड घालून ताट केलं. घरी एकटीला करवेना, म्हणाली. शेजारच्या दोन बायका आल्या, देल्यान आला. रादोस्तिना आली कारण घरात बसून तिला भिंती खायला उठल्या होत्या. रात्रभर तिने त्या रिकाम्या बादलीचा विचार केला होता. बर्फ न घेता माणूस परत येतो तो का? त्याने काहीतरी पाहिलं म्हणून, किंवा काहीतरी केलं म्हणून. पहाटे तर तिने झोपलेल्या नेवेनाकडे बघून, हिला मोठी झाल्यावर काय सांगायचं, इथवर मजल मारली होती.

लाम्बोकाका आला नव्हता. दार लावून पडलाय, एक बाई म्हणाली, हाक मारली तर ओ देत नाही. त्याचा आता उरलाच कोण? बायको गेली, झिवको बुडाला, आता मित्रही गेला. झिवको त्याचा एकुलता मुलगा, कामेनच्या वयाचा. कामेनचा बाप जहाजावर गेला तो परतलाच नाही, तेव्हा दोन्ही पोरं लाम्बोच्याच अंगणात वाढली होती. त्यातला एक सोळाव्या वर्षी समुद्राने नेला.

स्लावकाने सगळ्यांच्या हातात राकियाचे, फळांच्या कडक दारूचे, छोटे ग्लास दिले. देल्यानला काल रात्रीची झोप नव्हती. सवयीने त्याने आपला ग्लास तिच्या ग्लासाकडे नेला. तिने झटकन हात मागे घेतला.

"मेलेल्यासाठी पेला भिडवतात का रे? अक्कल काय गिटारीत ठेवलीस?"

देल्यान ओशाळला. सगळ्यांनी ग्लास तिरके केले, पहिला घोट वाळूवर सोडला, देव त्याला क्षमा करो म्हणाले आणि मग उरलेली राकिया प्यायली. कोरड्या वाळूत पाच लहान काळे डाग उमटले. नेवेना आईच्या कडेवरून खाली झेपावली, तिला त्यात हात घालायचा होता.

रादोस्तिनाने तिचं मनगट धरलं, आणि तशीच धरून राहिली.

काल टेबलाखाली असाच डाग होता. रमचा वास येणारा. तेव्हा कुणी प्यायलाही सुरुवात केली नव्हती; तिने बघितलं होतं, पेले नुकते वर गेले होते. त्या पेल्यांत वर छत्री, मध्ये नळी, आपोआप सांडायचं काही कारण नव्हतं. ओतायचं तर छत्री-नळी काढूनच ओतावं लागणार. ती चालत त्या टेबलापाशी गेली. काल इन्स्पेक्टरबाईंनी काही हलवू दिलं नव्हतं. चार पेल्यांत छत्र्या होत्या. पाचव्याची छत्री आणि नळी पेल्याच्या शेजारी नीट एकावर एक ठेवलेली होती.

ती खुर्ची लाम्बोकाकाची.

तो टेंभ्याकडे वळला ते पेला भिडवावा लागू नये म्हणून. मग खाली थेंब सोडले. कुणासाठी? झिवकोसाठी नाही, बायकोसाठी नाही. आपल्या माणसांना या जागी बोलावू नये म्हणून त्याने कामेनचा हात धरला होता. म्हणजे हे थेंब दुरून बोलावलेल्या कुणासाठी नव्हते. आणि त्या वेळी टेबलाभोवती एकच माणूस कमी होता, ज्याला सगळे जिवंत समजत होते.

मनातल्या मनात तिने पुढचं मांडलं. स्तामात पेले भिडण्याआधीच मेलेला होता. भिडण्याआधी कामेन बारमागे होता, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. मग पेल्यांनंतर होड्यांपाशी सिगरेट ओढताना दिसला कोण?

४

लाम्बोकाकाचं दार तिने वाजवलं नाही, ढकललं. म्हातारा खाटेवर बूट घालूनच बसला होता. खोलीत लाकडाच्या भुश्याचा वास होता.

"पोरीला थंडी लागेल," तो म्हणाला. "दार लाव."

"काका, कामेनला नेलं."

त्याला कळलं नाही. कुठे नेलं, त्याने विचारलं. तिने सांगितलं. स्तामात पेल्यांनंतर जिवंत होता असं तुम्ही म्हणालात, आणि पेल्यांनंतर मागे गेला तो फक्त कामेन, म्हणून. तिचं बोलणं संपेपर्यंत म्हातारा तिच्याकडे बघत राहिला, मग त्याचा खालचा ओठ लोंबकळला.

"मी ते माझ्यावरून वेळ सरकवायला बोललो गं," तो म्हणाला. "आधीच्या वेळेला मी मागे होतो ना. कामेन बर्फाला गेला होता ते मला... मला दिसलंसुद्धा नव्हतं. माझं कुठे लक्ष होतं?"

"तुम्ही पेला भिडवला नाहीत."

"नाही."

"आणि थेंब सोडलेत. तिथे, भुतांमध्ये. तुम्ही तर कुणाला बोलवत नाही तिथे."

"त्याला बोलवायचं कुठे होतं?" लाम्बोकाका म्हणाला. "तो तिथेच होता, कुंपणामागे. मी नाही सोडले तर त्याला पहिला घोट कोण देणार होतं, सांग. बाकीच्यांना माहीतच नव्हतं."

मग त्याने सांगितलं, आणि सांगताना नेवेनाकडे बघत राहिला, जणू तिलाच सांगत होता. चौथा देव शेकोटीत घालायचा, असं स्तामातने ठरवलं होतं. त्याच्याबरोबर कुणी फोटो काढत नाही, जागा अडवतो, पुढच्या वर्षी वार्न्याहून रंगीत प्लास्टिकचा येईल. उपटून, खांद्यावर घालून तो मागे घेऊनही गेला होता. लाम्बो मागोमाग गेला. बाकीचे तीन जाळ, तो म्हणाला, हा नको. का नको, हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, तिथे सांगावं लागलं. ते ऐकून स्तामात हसला नाही, तेही म्हाताऱ्याने आवर्जून सांगितलं. तो फक्त म्हणाला, "लाम्बो, बारमध्ये पोराचं थडगं ठेवतोस होय? पाहुणे येतात इथे." आणि ओंडका लाकडांच्या ढिगाकडे ओढू लागला. म्हाताऱ्याने त्याची कॉलर धरली. पायरीवर शेवाळ होतं.

"झिवकोचा चेहरा होता तो?" रादोस्तिनाने विचारलं.

"बाहेर काढला तेव्हाचा. डोळे मिटलेले होते म्हणून मिटलेले कोरले." तो थांबला. "पळालो मी. त्याला तसाच टाकून आणि झिवकोला त्याच्या शेजारी तसाच टाकून. नंतर सगळ्यांबरोबर गेलो तेव्हा झिवको तिथे नव्हता. कुणी उचलला, माहीत नाही."

रादोस्तिनाला माहीत होतं. दोन्ही हातांत पुरुषभर उंचीचं लाकूड असल्यावर बर्फाची बादली कोण भरणार? कामेनने मेलेला माणूस पाहिला, शेजारी ते तोंड पाहिलं, ज्या तोंडाबरोबर तो पोहायला शिकला होता, आणि सगळं समजला. कोण आलं होतं ते समजू नये म्हणून त्याने ते दूर नेलं. मग रिकाम्या बादलीने परत येऊन पेले धुवू लागला.

तिला रडू यायला हवं होतं. आला तो राग. सगळ्यांनी एकमेकांना झाकलं होतं, आणि तिला आणि तिच्या पोरीला उघड्यावर टाकलं होतं.

"तुम्ही येताय माझ्याबरोबर, की मी एकटी जाऊ?" ती म्हणाली.

म्हातारा बूट घालूनच बसला होता. तो उठला, खुंटीवरची टोपी घेतली. "मला आधार दे," म्हणाला. "पोरीला दुसऱ्या हातावर घे."

५

इन्स्पेक्टर मुताफोवांनी दोघांचं ऐकून घेतलं. पेला आणि खुर्चीबद्दल त्यांनी तिला दोनदा विचारलं. पेले भिडवताना म्हातारा पाठमोरा होता हे नक्की? वाळू ओली होती ती कामेन बर्फाला जायच्या आधी? पोरीचा हात पुसलेली शाल कुठे आहे? शाल तिच्याच खांद्यावर होती. बाईंनी ती हुंगली, घडी केली आणि टेबलावर ठेवली.

"माझी आजीसुद्धा असंच करायची," त्या म्हणाल्या. "पण माझ्या लक्षात नसतं आलं. मी तिथे बसून बिया सोलत होते, आणि ती छत्री-नळी माझ्या डोळ्यांसमोर होती."

एक शिपाई बारकडे गेला आणि लव्हाळ्याच्या भाऱ्यांखाली लपवलेला लाकडी देव घेऊन परतला. शेवाळाचा हिरवा पट्टा त्याच्या गालावर होता. लाम्बोकाकाने मागितला नाही, पण बाईंनी तो त्याच्या बाकाशेजारी भिंतीला टेकवून उभा करायला सांगितलं. मारायचा हेतू नव्हता हे मी लिहीन, त्या म्हणाल्या, पुढचं कोर्ट बघेल. ओंडका हलवण्याबद्दल कामेनची चौकशी व्हायची होती, पण आज त्याला घरी जाऊ दिलं.

तो बाहेर आला तेव्हा दुपार कलली होती. दाढी वाढलेली, शर्ट कालचाच. दारातून त्याने आत पाहिलं, बाकावर लाम्बोकाका बसला होता. म्हाताऱ्याने मान हलवली, जा म्हणून. कामेन गेला नाही, बराच वेळ उभा राहिला. मग म्हाताराच भिंतीकडे तोंड करून बसला, तेव्हा तो निघाला.

रस्त्याला दोघं बाजूबाजूने चालली, मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर. बंदरावर जाळी सुकत घातलेली होती. एका म्हातारीने खिडकीतून कामेनला हाक मारली, त्याने ओ दिली नाही.

"त्याला कोण घेऊन आलं?" शेवटी त्याने विचारलं. "तू?"

"मी."

"मी कधीच सांगितलं नसतं, रादे. दहा वर्षं बसवलं असतं तरी."

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "म्हणून तर मी गेले."

तो थांबला.  नेवेना त्याच्याकडे दोन्ही हात पसरून झेपावत होती. त्याने तिला घेतलं नाही, नाहीही म्हणाला नाही. हात खिशात घालून उभा राहिला. रादोस्तिनाने वाट पाहिली. मग ती एक पाऊल पुढे झाली, पोरीला त्याच्या छातीशी टेकवलं आणि हात सोडून दिले, तेव्हा त्याला धरावंच लागलं.